पेस्टचे दिवस

डॉ. शुभांगी पगारे यांनी वहीत सही केली आणि वेळेच्या रकान्यात नऊ वाजून पाच मिनिटे लिहिली. टेबलामागच्या बाईंनी पेन आणि कोरं पॅड ठेवलेली पिशवी पुढे केली. जातानाही सही करायची, नाहीतर पॉइंट मिळणार नाहीत, असं त्यांनी बजावलं. शुभांगीबाईंनी मान डोलावली. डॉक्टरकीची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत तीस पॉइंट लागत. त्यांचे अठ्ठावीस झाले होते आणि नोंदणीची मुदत महिनाअखेरीस संपत होती. आजचे दोन हुकले असते, तर दिंडोरीतल्या स्वतःच्याच दवाखान्यात बसून साधी तापाची गोळी लिहून देण्याची सोय राहिली नसती.

त्यामुळे विषय कोणता, याला फारसं महत्त्व नव्हतं. हृदयविकारावर व्याख्यान असतं तरी त्या आल्या असत्या, आणि नखांच्या विकारांवर असतं तरी. आजचा विषय होता दारूचं व्यसन आणि फॅमिली डॉक्टर. गंगापूर रोडवरच्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये शंभर सह्या झाल्या असतील, खुर्च्यांवर माणसं मात्र पन्नास. बाकीचे बाहेर व्हरांड्यात चहा पीत मुलांच्या ॲडमिशनच्या गोष्टी करत होते आणि जेवणाच्या सुमाराला बरोबर आत येणार होते. शुभांगीबाईंना हे कधी जमलं नाही. एकदा बसल्या की शेवटपर्यंत बसायच्या आणि वर प्रश्न विचारायच्या. त्यांचा हात वर गेला की आयोजकांना गार होणारं जेवण दिसायचं.

व्याख्याते मानसोपचारतज्ज्ञ होते, डॉ. सुयश. वयाने शुभांगीबाईंच्या मुलासारखे. दारू सोडवायच्या गोळीबद्दल बोलता बोलता त्यांनी पडद्यावर एका माणसाचा चेहरा दाखवला, लालबुंद. ही गोळी सुरू असताना कोणी घोटभर जरी घेतली, तर चेहरा असा पेटतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, उलट्या होतात आणि आता आपण मरणार असं त्या माणसाला वाटतं, असं ते सांगत होते.

शुभांगीबाईंचं पेन थांबलं. हा चेहरा त्यांनी पाहिलेला होता.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची संध्याकाळ. द्राक्षबागेत कामाला आलेल्या टोळीने बारकूला टेम्पोतून दवाखान्यात आणलं होतं. पेठ तालुक्याकडचा माणूस, चाळिशीचा, काटक. चेहरा असाच पेटलेला, नाडी एकशे चाळीस. तोंडाला दारूचा वास होता, पण घोट-दोन घोटांचाच. शुभांगीबाईंनी सलाईन लावलं, कार्डिओग्राम काढला. तो वेगाखेरीज ठीक होता. तीन तासांत माणूस उठून बसला. तरी त्यांनी धोका पत्करला नाही. त्यांनी चिठ्ठी लिहिली की हृदयाचा त्रास असू शकतो, फवारणीचं आणि वेलींच्या काड्यांना पेस्ट लावायचं काम देऊ नये. आपण एका माणसाला वाचवलं, अशा समाधानात त्या रात्री त्या नाशिकला घरी गेल्या होत्या.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा त्यांचा हात वर गेला.

"ही गोळी घेतलेली नसतानाही असं होऊ शकतं का?"

डॉ. सुयश यांना प्रश्न आवडलेला दिसला. काही अँटिबायोटिक्सनी होतं, एका जातीच्या अळंब्यांनीही होतं, असं ते म्हणाले. आणि सायनामाइडने. परदेशात काही ठिकाणी तेच औषध म्हणून देतात.

"पण ते आपल्याकडे मिळत नाही," त्यांनी पुस्ती जोडली.

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. पिंपळगाव बसवंतचे डॉ. धनराज होते. त्यांची प्रॅक्टिस लहान आणि बाग मोठी.

"मिळत नाही कसं? माझ्या शेडमध्ये दोन कॅन पडलेत. छाटणीनंतर काडीला पेस्ट लावतो ना, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून? वाचा कॅनवर. हायड्रोजन सायनामाइड."

सगळा हॉल हसला. डॉ. सुयश यांनी खिशातून फोन काढून काहीतरी लिहून घेतलं. शुभांगीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. बत्तीस वर्षं द्राक्षाच्या तालुक्यात दवाखाना चालवून आपण एकदाही तो कॅन हातात घेऊन वाचला नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. आणि लाजेच्याही वर कुतूहल चढलं होतं. दर वर्षी छाटणीच्या दिवसांत येणारे ते लाल चेहरे, ते 'उन्हाचे झटके', ती 'खराब दारू' त्यांना एकेक करून आठवायला लागली. त्यांनी दोन घास खाल्ले, बाहेर पडतानाची सही न विसरता केली आणि गाडी घराकडे न वळवता दिंडोरीच्या रस्त्याला लावली.

टोळी कुठे उतरलीय हे मुकादम सहादूने फोनवर सांगितलं. बाग रस्त्यापासून आत होती. छाटणी झालेल्या वेली उघड्याबोडक्या उभ्या होत्या आणि बाया रांगेने काडीकाडीला पेस्ट लावत होत्या. हातमोजे बहुतेकींचे फाटलेले. बारकू बांधावर छाटलेल्या काड्या गोळा करत होता. तो वर्षभरात वाळला होता. डोळ्यांखाली सूज होती आणि काडी उचलताना हात थरथरत होता. हे थरथरणं कशाचं, हे कळायला व्याख्यानाची गरज नव्हती.

त्याची बायको नवसाबाई हात पुसत पुढे आली. रविवारी डॉक्टर बागेत आल्या म्हणजे काहीतरी वाईट निघालं, अशा समजुतीने तिने पदर आवळला. शुभांगीबाईंनी दोघांना झाडाखाली बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हृदय ठणठणीत आहे. त्या दिवशीचा त्रास पेस्टचा होता. पेस्ट अंगात मुरलेली असताना दारू पोटात गेली की असं होतं. आपली चिठ्ठी चुकली. बोलताना त्यांना वाटत होतं, आता या बाईचा चेहरा उजळेल.



"ते ठावं हाय, बाई," नवसाबाई म्हणाली. "पेस्टच्या दिवसात दारू सोसत नाय. सगळ्या टोळीला ठावं हाय."

 मग तिने जे सांगितलं, ते शुभांगीबाईंनी मध्ये एकही प्रश्न न विचारता ऐकलं. बारकूला दारूचं व्यसन लग्नाआधीपासूनचं. पण टोळी छाटणीला उतरली की दोन महिने, या बागेतून त्या बागेत, तो पेस्ट लावायचा आणि त्या भीतीने दारूला शिवायचा नाही. ते दोन महिने घरात माणूस असायचा. संध्याकाळी पोरी बापाशेजारी बसून जेवायच्या. दसऱ्याला सगळ्यांच्या आग्रहाने त्याने घोट घेतला, तेवढाच काय तो घसरला. चिठ्ठी मिळाल्यावर सहादूने त्याला पेस्टवरून काढलं आणि काड्यांवर घातलं. मग काय, कोरडा महिनाच उरला नाही.

शुभांगीबाईंच्या कानात डॉ. सुयश यांचा आवाज होता. माणसाला न सांगता, वरणातून वगैरे, हे औषध कधीही द्यायचं नाही, जीव जाऊ शकतो. नवसाबाईनेच त्याला पेस्टवर घातलं असणार, असं धरून शुभांगीबाईंचा स्वर डॉक्टरचा झाला. ही पेस्ट म्हणजे विष आहे, आणि नवऱ्याला असं फसवून कामाला लावणं बरं नाही, असं त्या नवसाबाईला समजावू लागल्या.

"तिनं नाय लावलं," बारकू म्हणाला. इतका वेळ तो जमिनीकडे बघत होता. "मीच मागून घेत व्हतो पेस्ट. सहादूला इचारा. मला दुसऱ्या कशानं थांबता येत नाय."

त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत चिठ्ठी होती, वर्षभर जपलेली, घडीवर जरा विरलेली. ती त्याने त्यांच्यापुढे धरली.

"ही मागं घ्या. मुकादम तुमच्या सहीबिगर ऐकत नाय."

शुभांगीबाईंनी चिठ्ठी घेतली. अक्षर त्यांचंच होतं, घाईतलं. पेस्टला हात लावायचा नाही, हे त्यांना आजही लिहून द्यावंच लागणार होतं. पण त्याच कामासाठी गोळी आहे. ती त्याने स्वतःहून घ्यायची, रक्त तपासून, रोज सकाळी नवसाबाईच्या समोर. हे त्यांनी सांगितलं तसा बारकूने पहिल्यांदाच मान वर केली. गोळी छाटणीनंतरही मिळते का, एवढंच त्याने विचारलं. बारा महिने मिळते, असं त्या म्हणाल्या. उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात ये, आणि आज एकदम बंद करू नकोस, अंगाला झटका बसेल. दारू हळूहळू कशी कमी करायची ते उद्या मी बघते, असंही त्यांनी सांगितलं. त्याने दोन वेळा मान डोलावली.

मग त्या नवसाबाईकडे वळल्या. आवाजात थोडा राग होता, आणि तो कोणावर आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"हे सगळं मला गेल्याच वर्षी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं, बाई," नवसाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "तुम्ही तवा लिहीत व्हता."

पर्समध्ये फोन वाजला. प्रमाणपत्र आलं होतं. दोन पॉइंट जमा, एकूण तीस. शुभांगीबाईंनी ते वाचलं आणि फोन परत आत टाकला. नवी चिठ्ठी लिहायला म्हणून मघाशी काढलेलं पेन त्यांच्या हातात तसंच होतं. त्यांनी त्याला टोपण लावलं, शेजारी पडलेला द्राक्षांचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसल्या.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."