एकशे बारा मतं आणि एक बंद दार

बाळांनो, कल्पना करा की तुम्ही शारजातल्या अल नहदात आमच्या इमारतीत राहता. चौदा मजले, मजल्यावर सहा फ्लॅट, म्हणजे एकूण चौऱ्याऐंशी. मागे एक मोकळी जागा, तिथे खडूने आखलेलं बॅडमिंटनचं कोर्ट. आणि एके दिवशी मॅनेजर फैजभाई म्हणतात, इथे पार्किंग करायचं आहे. लोकांना काय हवं ते गुरुवारपर्यंत विचारून सांगा.

आमच्या शेजारच्या अकरा वर्षांच्या इशिताचा सगळा जीव त्या कोर्टात. तिचा बाबा सत्यजित म्हणाला, यल्ला, चला, दहा मिनिटांचं काम. त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न टाकला: ‘मुलांची हक्काची जागा हिरावून घेणं योग्य आहे का?’ संध्याकाळपर्यंत एकशे बारा मतं. एकशे दहा ‘नाही’. सत्यजितने रंगीत तक्ता छापला.

फैजभाईंनी तक्ता पाहिला आणि शांतपणे विचारलं, "बेटा, इनमें से यहाँ रहते कितने हैं?"

मोजले. सोळा. बाकीचे तिकडे दुबईतल्या अल मनखूलचे, मरीनाचे. मंडळातला श्रीनाथ तर चार वर्षांपूर्वी पुण्याला परतला, पण ग्रुप सोडवत नाही, म्हणून त्याने मत दिलं, बायकोनेही दिलं. ते दोघं पुण्यातून शारजाचं पार्किंग ठरवत होते.

मी कपाळाला हात लावला. राग इशिताचा नव्हता. प्रश्नातच उत्तर कोंबणाऱ्या आणि ते आपल्याच माणसांना विचारणाऱ्या शहाण्या मोठ्यांचा होता.

मग मी स्टीलच्या डब्यात चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाकल्या. इशिताने न बघता वीस काढल्या. प्रश्न साधा लिहिला: मागच्या जागेत काय असावं? खेळ, पार्किंग, की काहीही चालेल? आणि बजावलं, चिठ्ठी निघाली तेच दार, शेजारचं नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत एकोणीस दारं झाली. खेळ नऊ, पार्किंग आठ, काहीही चालेल दोन. राहिला नऊशे दोन. तीनदा बेल वाजवली, कुणी नाही.

"अगं, नऊशे चारमध्ये अनुराधाकाकू आहेत ना," सत्यजित म्हणाला. "त्यांना विचार आणि खलास. आपल्याच आहेत, खेळच म्हणतील."

"म्हणूनच नको," मी म्हणालो. हे मी त्याला आठवड्यात पाचव्यांदा सांगत होतो. दिवसभर घरात असणाऱ्यांनाच विचारलं, तर उशिरा घरी येणाऱ्यांचं मत कुठून कळणार? त्याने मान हलवली. ऐकलं नाही, नुसती हलवली.

इशिता मात्र वहीकडे बघत होती. "बट आजोबा, नऊशे दोनच्या वलीअंकलकडे टू कार्स आहेत. ही विल से पार्किंग. मग नाइन-नाइन टाय होईल."

"होईल," मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही अनुराधाकाकूंचं दार फार जवळ वाटलं.

इशिताने नऊशे दोनची चिठ्ठी वहीत ठेवली, चपला घातल्या आणि नवव्या मजल्यावर जाऊन त्या बंद दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसली. साडेसातला लिफ्ट उघडली. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन वली बाहेर आले. ती उठली, वही उघडली आणि प्रश्न जसा लिहिला होता तसाच, एकही शब्द न बदलता वाचला.