बिनअस्तराची गोधडी

‘मी एक जुनी गोधडी आहे’ असं म्हणायची सोय मला आयुष्यातली बरीच वर्षं नव्हती. मित्रांनो, जुनं व्हायला आधी पुरं व्हावं लागतं. गोधडीला वरचा थर लागतो, मध्ये कापूस लागतो आणि खाली अस्तर लागतं. माझ्याकडे नुसता वरचा थर होता, तोही कडेला अर्धवट. म्हणजे मी एक चेहरा होते. पोट नाही, पाठ नाही. अशा अवस्थेत माणूस दवाखान्यात असतो. गोधडी कपाटात असते.

मी भित्री आहे, हेही आधीच सांगून टाकते. पाठ नसलेल्याला पाठीमागून काय येईल याची भीती जरा जास्तच असते.

माझा जन्म अमेरिकेत, मिनेसोटातल्या टोर्विक गावी, आर्डिसबाईंच्या जेवणाच्या टेबलावर झाला. त्यांच्या मुलीचं, सिग्नेचं, डेल नावाच्या मुलाशी लग्न ठरलं होतं. आमच्याकडे मुलीच्या लग्नाला एकात एक गुंफलेल्या अंगठ्यांची गोधडी करतात. दिसायला ती सुंदर असते, करायला छळवाद. सगळी शिवण गोल. शेजारपाजारच्या बायका टेबलाशी येऊन म्हणायच्या, “आर्डिस, सरळ चौकोनांची कर की गं. लग्न तेवढंच टिकतं.” पण आर्डिसबाईंना अंगठ्याच हव्या होत्या. सिग्नेचे शाळेतले झगे, तिच्या वडिलांचे चौकड्यांचे सदरे, स्वयंपाकघराचा पिवळा पडदा असं सगळं कापून त्यांनी एकेक अंगठी जोडली. अंगठी पुरी झाली की हाताने दाबून सपाट करायच्या आणि म्हणायच्या, “हं. काही वाईट नाही.” आमच्या भागात यापेक्षा मोठं कौतुक कुणी कुणाचं करत नाही. मी फुलून गेले होते.

मग एके दिवशी फोन वाजला. लग्न मोडलं होतं. आर्डिसबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. बरं. जेवलीस का तू?” फोन ठेवला, हातातली सुई माझ्या डाव्या कोपऱ्यात खोचली, मला घडी घातली आणि पिशवीत भरलं. का मोडलं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि सिग्नेनेही सांगितलं नाही. दर रविवारी दोघी एकत्र जेवायच्या आणि हवेबद्दल बोलायच्या. आमच्याकडे हवा भरपूर असते. आयुष्य निघून जातं, विषय संपत नाही.

मी कपाटात वाट पाहत राहिले. सुई कोपऱ्यात रुतून होती. कपाट उघडलं की वाटायचं, आता काढतील. मग वाटायचं, नको, काढतील आणि फेकतील. एकच दार, त्यातून दोन्ही भीती आलटून पालटून आत यायच्या. खालच्या फळीवर एक अर्धवट स्वेटर होता, एकाच बाहीचा. तो म्हणायचा, “सवय होते.” एके दिवशी त्याला नेलं, तो परत आला नाही. मी कुणाला विचारलं नाही. मीही आर्डिसबाईंचीच होते.

अखेर एका वसंतात त्यांनी कपाट आवरायला काढलं. मला हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मोडलेल्या लग्नाची गोधडी पुरी कशी करायची? आणि एवढी शिवण कचऱ्यात तरी कशी टाकायची? सिग्नेच्या नजरेला पडली तर तिला काय वाटेल? मग त्यांनी टोर्विकची बाई जे करते तेच केलं. कुणालाही न सांगता मला दुसऱ्याच्या गाडीत ठेवून दिलं.

आमच्या गावात गाडीला कुणी कुलूप लावत नाही. फक्त ऑगस्टमध्ये लावतात. तेव्हा प्रत्येकाच्या बागेत झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी एक भाजी, वेड्यासारखी येते आणि गाडी उघडी दिसली की लोक त्यात पिशवीभर झुकिनी टाकून पळतात. चोरी होत नाही, उलट होतं. त्याच रीतीने मी शेजारच्या लव्हॉनबाईंच्या गाडीच्या मागच्या सीटवर गेले. त्यांनी मला पाहिलं, उसासा टाकला आणि पुढच्या आठवड्यात मर्ताबाईंच्या गाडीत सरकवलं. मर्ताबाईंनी पाद्रीबुवांच्या. पाद्रीबुवांना वाटलं, ही देवाची काहीतरी खूण आहे. त्यांनी महिनाभर विचार केला आणि मला पुन्हा लव्हॉनबाईंच्या गाडीत ठेवलं. असं किती फिरले, मला आठवत नाही. प्रत्येक वेळी दार धाडकन लागायचं आणि मला वाटायचं, संपलं. एकदा तर कुणी कुलूप लावायला विसरलं आणि मी पुरा ऑगस्ट झुकिनीच्या पोत्याखाली होते. त्यातली एक सडली. ती मरताना फार हळू मेली, एवढंच सांगते.

तोंडावर मात्र कुणी म्हणालं नाही, ‘मला ही नको.’ आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. चर्चच्या तळघरात बायका गोधड्या करायला जमतात, तिथे कॉफीबरोबर लिंबाच्या वड्या असतात. ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. एक बाई ती अर्धी कापून घेते. दुसरी त्या अर्ध्याची अर्धी. असं करत करत शेवटी ताटात मुंगीच्या आकाराची वडी उरते आणि सगळ्याजणी सभ्यपणे तिच्याकडे बघत बसतात. त्या ताटाशेजारी एका टोपलीत मी पडून होते आणि विचार करत होते, हे लोक नको असलेल्याचं काय करतात ते दिसलं. हवं असलेल्याचं हे असं करतात.

त्या टोपलीत मी आले त्याला कारण होतं. गावाबाहेर भटक्या कुत्र्यांचा आसरा होता. तिथे हिवाळ्यापूर्वी गाद्या हव्या होत्या. बायकांनी ठरवलं, जिच्याकडे जे अर्धवट पडलंय ते तिने आणायचं, तुकडे करायचे, खोळीत कोंबायचे. लव्हॉनबाईंच्या हातात गोल पात्याचं हत्यार होतं. पिझ्झा कापतात तसंच दिसतं, फक्त याला भूक लागलेली असते. टोपलीतून एकेक जण वर जात होता. निळ्या ताऱ्यांची एक अर्धी गोधडी गेली. दुसऱ्या एकीवरचं बिनछपराचं घर गेलं. टेबलावर पातं फिरलं की ‘स्स्’ असा बारीक आवाज यायचा, आणि नंतर काहीच यायचं नाही. ते नंतरचं जास्त वाईट होतं.

मग हात माझ्यावर आला.

लव्हॉनबाईंनी मला टेबलावर पसरलं. किती वर्षांनी मी पूर्ण उलगडले होते! आणि समोर कोण बसलेलं? आर्डिसबाई. हातात खोळ, नजर माझ्यावर. त्यांनी मला ओळखलं. एका श्वासात ओळखलं. मी मनातल्या मनात किंचाळत होते, म्हणा, माझी आहे म्हणा! पण म्हणणार कसं? माझी आहे म्हणायचं, तर तुझ्या गाडीत मीच टाकली हेही आलं.

“कुणाची आहे गं ही?” लव्हॉनबाईंनी विचारलं. “माझ्या गाडीत दोनदा आलीय. हिला माझा पत्ता पाठ झालाय.”

“कोण जाणे,” मर्ताबाई कॉफीत बघत म्हणाल्या. “रंग बरे आहेत.”

“काही वाईट नाहीत,” आर्डिसबाई म्हणाल्या.

‘स्स्.’ माझी उजवी कड गेली. दुखलं का, असं विचाराल. दुखलं नाही. नुसतं तिथे आता मी नव्हते. पुन्हा ‘स्स्.’ पिवळ्या पडद्याची एक आख्खी ओळ गेली. लव्हॉनबाईंनी मला फिरवलं आणि डाव्या कोपऱ्यावर जोर द्यायला तळहात टेकणार, तेवढ्यात—

“थांब! तिथे सुई आहे!”

पातं थांबलं. लव्हॉनबाईंनी कोपरा चाचपला आणि गंजलेली सुई बाहेर काढली. तिच्याकडे पाहिलं, मग आर्डिसबाईंकडे.

“आर्डिस,” त्या सावकाश म्हणाल्या, “तुला कसं ठाऊक?”

“हात टोचला असता गं तुझा.”

“ते झालं. कसं ठाऊक?”

आर्डिसबाईंचा चेहरा बिटासारखा लाल झाला. त्यात भर म्हणून जिन्यावरून सिग्ने उतरत होती. कुत्र्यांचा तो आसरा तीच चालवते. ती गाद्या न्यायला आली होती. जाकिटावर कुत्र्यांचे केस, हातात एका पिल्लाचा पट्टा, पिल्लाचा मात्र पत्ता नाही. ती टेबलाशी आली आणि थबकली.

“हा माझा तिसरीतला झगा आहे,” ती म्हणाली. बोट माझ्यावर होतं. “आई, ही माझी गोधडी ना?”

आता उत्तर द्यायलाच हवं होतं. मला तर पात्यापेक्षा त्या उत्तराची जास्त धास्ती वाटली.

“तुझीच होती,” आर्डिसबाई म्हणाल्या. “तुला दाखवायचा धीर नाही झाला. डेलची आठवण येईल, वाटलं.”

“डेलची?” सिग्ने मोठ्याने हसली. तळघरात एवढ्या मोठ्याने कुणी हसत नाही. “आई, त्याला मधुचंद्र तळ्यावरच्या मासे धरायच्या झोपडीत करायचा होता. जानेवारीत. गळ टाकायला गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला दोन भोकं पाडणार होता. त्यातलं एक माझ्यासाठी.”

“अगं बाई,” मर्ताबाई म्हणाल्या.

“म्हणून मोडलं?” आर्डिसबाईंनी विचारलं.

“म्हणून मोडलं. तू कधी विचारलंच नाहीस. आणि गोधडी दिली नाहीस, तेव्हा वाटलं, तू रागावली आहेस. एवढी वर्षं मला वाटतंय, आईला माझं तोंड बघवत नाही म्हणून ती सारखी हवेबद्दल बोलते.” सिग्नेने माझ्यावरच्या झग्याच्या तुकड्यावरून बोट फिरवलं. “मला नवरा नको होता गं. गोधडी हवी होती.”

लव्हॉनबाईंनी हत्यार हळूच पाठीमागे लपवलं. पण दोन रुंद कडा आधीच तुकडे होऊन खोळीत गेल्या होत्या, कुठल्या ते ओळखू येत नव्हतं. मोठ्या पलंगासाठी जन्मलेली मी आता गुडघ्यांपुरती उरले होते.

“पुरी करते मी,” आर्डिसबाई म्हणाल्या. “पण बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. बारीक टाक्यांना हिवाळा जाईल.”

“मग टाक्यांऐवजी गाठी मारू,” सिग्ने म्हणाली. “लोकरीच्या. आत्ता.”

अंगठ्यांच्या गोधडीला गाठी मारणं म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या केकवर शेंगदाण्याची चटणी. सगळ्याजणी श्वास रोखून आर्डिसबाईंकडे बघू लागल्या. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, “कापूस आणा.” माझ्याखाली कापूस आला, त्याखाली तपकिरी अस्तर आलं. मला पाठ फुटली! दाभण आरपार जायचं तेव्हा मी अजूनही शहारत होते. पण टेबलाच्या एका बाजूने आई गाठ मारत होती, दुसऱ्या बाजूने लेक, आणि दोघी डेलबद्दल काय काय बोलत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मित्रांनो, भीती माझी गेलेली नाही. दोन कडा गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि ‘स्स्’ असा आवाज आला की आजही माझा कापूस गोळा होतो. पण तुमच्याही कपाटात कुणीतरी अर्धवट पडलेलं असेल. ते पुरं करा. होत नसेल तर समोर उभं राहून, सांगून कुणाला द्या. तेही जमत नसेल तर कापा. कापा असं मी सांगतेय, म्हणजे बघा. फक्त त्याआधी, ज्याच्यासाठी ते सुरू केलं होतं, त्याला एकदा विचारा. फार तर तो नाही म्हणेल. ‘नाही’ ऐकून कुणाची शिवण उसवलेली मी तरी अजून पाहिलेली नाही.