तिघींनी उगाळलेलं जायफळ

मी एक जुनी सहाण आहे, मित्रांनो, आणि जी गोष्ट आठवली की आजही माझ्या जिवाचा थरकाप होतो, तीच तुम्हांला सांगणार आहे. दगडाला कसला आलाय जीव, असं म्हणाल. म्हणा, पण आधी ऐकून घ्या.

पाथरवटाने मला गोल घडवलं, खाली तीन ठेंगणे पाय ठेवले आणि उगाळलेलं औषध वाटीत ओतता यावं म्हणून कडेला एक पन्हळ काढली. तुळशीबागेतल्या एका दुकानात मी बरेच महिने धूळ खात पडले होते. तिथून मला श्यामलाबाईंनी उचललं. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या आणि त्यांचे यजमान दीनानाथ खडकीच्या कारखान्यात कारकून होते. कारखान्याच्या क्वार्टरमध्येच आमचा संसार सुरू झाला.

श्यामलाबाईंचं स्वयंपाकघर ऋतूंवर चालायचं. चैत्रात पन्हं आणि वाळ्याचं पाणी, श्रावणात मुगाचं कढण आणि सुंठ, आश्विनात पित्त वाढतं म्हणून लाह्या आणि तूप, थंडीत बाजरी, तीळ आणि डिंकाचे लाडू. भादव्यात कुणी ताक मागायला आलं, तर त्याला ताकाऐवजी उपदेश मिळायचा. "आमच्याकडे जेवायला येताना पंचांग बघून या," असं दीनानाथ पाहुण्यांना सांगायचे. पण खोकला झाला, पोट दुखलं, घामोळं उठलं की क्वार्टरांची सगळी ओळ आमच्याच दाराशी यायची. माझ्यावर हळकुंड, वेखंड, चंदन, जायफळ उगाळलं जायचं आणि बरं वाटलं की लोक श्यामलाबाईंच्या हाताला गुण आहे म्हणायचे. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचं.

या सगळ्यात एक रीत होती. ओल्या सहाणेवर मुळी एकदा गोल फिरवली की तो एक वेढा. तान्ह्या बाळाला किती वेढे द्यायचे, ते वयावर आणि ऋतूवर ठरायचं. पण ते मनातच मोजायचे. कुणाला काय दिलं, किती दिलं, हे तोंडाने बोलायचं नाही. बोललं की औषधाचा गुण जातो, असं श्यामलाबाईंची आई सांगायची. शेजारच्या कमरजहांचाचींच्या माहेरीही नेमकी हीच समजूत होती.

चौऱ्याहत्तर सालचा श्रावण होता. चाचींचा नातू सिराज आठ महिन्यांचा होता आणि त्याला दोन दिवस जुलाब होत होते. त्याची आई हमीदा अगदी रडकुंडीला आली होती. "डॉक्टर कशाला गं लगेच? पावसाळी पोट आहे," श्यामलाबाई तिला म्हणाल्या आणि थोड्या वेळाने मला घेऊन चाचींच्या घरी गेल्या. हमीदा बाहेर नळावर कपडे धूत होती, चाची रेशनच्या दुकानात गेल्या होत्या. श्यामलाबाईंनी जायफळाचे चार वेढे दिले, मला धुऊन पुसलं आणि संध्याकाळी पुन्हा लागेल म्हणून मला आणि जायफळाला तिथेच ओट्यावर ठेवून त्या गेल्या.

दुपारी हमीदा नवऱ्याचा, मैनुद्दीनचा, डबा द्यायला फाटकावर गेली. चाचींनी मला पाहिलं. सहाण ठेवून गेली म्हणजे आपणच उगाळायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाच वेढे दिले. मग चाची नमाजाला बसल्या, हमीदा परतली आणि पोर कण्हतंय हे पाहून तिनेही जायफळ उचललं. तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिने वेढे मोजलेच नाहीत.

सिराज झोपला. तिघींनाही वाटलं, आपलंच औषध लागू पडलं.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. तिघींचे हात माझ्यावरूनच फिरले होते. मला तोंड असतं, तर त्या दिवशी मी क्वार्टरच डोक्यावर घेतलं असतं.

चार वाजता हमीदाने त्याला दूध पाजायला उचललं, तर मान एका बाजूला कलंडली. ओठ कोरडे पडले होते, डोळे उघडत नव्हते. मैनुद्दीन तेवढ्यात पाळीवरून आला होता, तो धावत जाऊन डॉक्टर प्रेमलाबाईंना घेऊन आला. त्यांनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली.

"काय दिलंय याला?"

चाचींनी पदर तोंडाला लावला, हमीदा खाली बघत राहिली.

"अहो, मी विचारतेय. काय दिलंत?"

"सांगितलं तर गुण जातो," चाची हळूच म्हणाल्या.

"गुण जाऊ द्या हो! पोर राहायला हवं ना?"

दारात उभ्या असलेल्या श्यामलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. अख्ख्या ओळीला औषध उगाळून देणारी ती बाई. "मी सकाळी जायफळ दिलं," त्या म्हणाल्या. "चार वेढे."

"तू?" चाची ओरडल्या. "अगं, मी दुपारी पाच दिले!"

मग हमीदा रडायलाच लागली.

प्रेमलाबाईंनी चिठ्ठी खरडली आणि स्वतः रिक्षात बसून पोराला इस्पितळात नेलं. त्याच्या अंगातलं पाणी संपलं होतं आणि जायफळाच्या गुंगीत त्याला दूधही मागता आलं नव्हतं. सलाइन लागलं. तिसऱ्या दिवशी सिराज घरी आला, तेव्हा चाचींनी ओळीभर खजूर वाटले.

श्यामलाबाईंनी मात्र मला माळ्यावर टाकलं. खोकून खोकून दीनानाथ बेजार झाले, तरी त्या चहात आलंसुद्धा घालीनात. चैत्र आला, पन्हं झालं नाही. थंडीत बाजरी आणली नाही. ज्यात काही वाईट नव्हतं, तेही त्यांनी सोडलं. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी हमीदा आली. सिराजला सर्दी होती आणि सुंठीचा लेप लावायला प्रेमलाबाईंची हरकत नव्हती. "तुम्हीच उगाळून द्या, वहिनी."

"नको गं. पुन्हा काही झालं तर?"

"तेव्हा आपण तिघीही गप्प होतो, वहिनी. एकट्या तुम्ही नव्हता."

श्यामलाबाईंनी मला माळ्यावरून काढलं, पदराने पुसलं आणि हमीदाच्या हातात दिलं. "तूच घेऊन जा," म्हणाल्या.

तेव्हापासून मी हमीदाच्या ओट्यावर आहे. श्यामलाबाई अजून येतात, चहा घेतात, सिराजच्या मुलांशी बोलतात. माझ्याकडे मात्र बघत नाहीत.

मित्रांनो, मला अडगळीत टाकू नका. ऋतू पाहून रांधा, सुंठ उगाळा, पण तान्हं बाळ आजारी पडलं तर आधी डॉक्टरांकडे न्या आणि काय दिलं, किती दिलं, ते सगळं सांगा. मी दगड आहे, मला गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता. तुम्हांला देवाने तोंड दिलं आहे.