लव्हडेने न ऐकलेलं भाषण

डिगोरी होस्किनचं पार्लमेंटातलं पहिलं भाषण झालं. झकास झालं. कॉर्नवॉलमधल्या त्याच्या गावाला बंदराचा धक्काही मंजूर झाला. पण यातलं काहीच घडलं नाही, असं धरून चालू. डिगोरीही तसंच धरतो.

त्या दिवशी त्याची बायको लव्हडे छातीचं दुखणं घेऊन, दिवसभर आगगाडीत बसून लंडनला आली होती. पार्लमेंटात बोलायचं तर उभं राहून सभापतींच्या नजरेत भरावं लागतं. डिगोरी उभा राहिला काय, बसला काय, उंचीत फारसा फरक पडत नसे. निवडून आल्यापासून तो नुसत्या उठाबशा काढत होता.

"बाकावर चढ की लेका," शेजारचा खासदार बॅरक्लफ म्हणाला.

"नियमात बसत नाही."

"तू बाकावरही धड बसत नाहीस. पाय लोंबतात."

साखरेच्या बीटवर कुणीतरी तासभर बोलत होतं. डिगोरी लव्हडेला बाहेर भेटून आला.

"आता माझाच नंबर."

"सहा वर्षं तुझाच नंबर आहे. भाषण मला पाठ झालंय रे. ते ऐकताना या लोकांची तोंडं कशी होतात, तेवढं बघायचंय."

ती प्रेक्षकांच्या गॅलरीत परतली आणि तिला खोकल्याची उबळ आली. शिपायाने अदबीने तिला बाहेर नेलं. तेवढ्यात सभापती म्हणाले, "मिस्टर होस्किन."

बायको खोकतेय, जरा थांबा, असं म्हणायची सोय नियमांत नाही. डिगोरी गॅलरीतल्या तिच्या रिकाम्या जागेकडे बघत बोलला. बॅरक्लफसुद्धा जागा होऊन ऐकत होता. लव्हडे पाणी पिऊन आली, तेव्हा पुन्हा बीट सुरू झालं होतं.

"झालं तुझं?" तिने नंतर विचारलं.

"छे. नंबरच नाही लागला."

भाषण छापलेलं वर्तमानपत्र गावात पोचलं. लव्हडेने त्यात मासे गुंडाळले.

"पुढच्या वेळी मी खोकणार नाही," एवढंच ती म्हणाली.

ईस्टरच्या आधी ती गेली.

मतदान चालू असताना बोलायचं तर बसून आणि डोक्यावर हॅट घालूनच, अशी पार्लमेंटाची रीत. गेलेल्या माणसासाठी लोक हॅट काढतात. ती गेल्यावरच्या पहिल्या मतदानात डिगोरीला बोलण्यासाठी घालावी लागली. तीही बॅरक्लफची, कानांपर्यंत येणारी.

"सभापती महोदय, औचित्याचा मुद्दा. त्या दिवशीची बैठक बीटपासून पुन्हा घेण्यात यावी, आणि सौ. होस्किन यांना गॅलरीत बसून खोकण्याची मुभा देण्यात यावी, अशी नम्र विनंती आहे."