दोन कांद्यांच्या मधलं पांढरं

गौतमीला एक खोड होती. चित्र सोडून ती चित्राच्या आजूबाजूचं कोरं बघायची. रांजणगावला खोक्यांच्या कारखान्यात ती डिझाइनचं काम करायची, आणि कारखान्याच्या बसमध्ये शेजारी जो बसेल त्याचं डोकं खायची. "त्या कुरियरच्या गाडीवर दोन अक्षरांच्या मधी बघ, बाण दिसतोय का?" बाण एकदा दिसला की माणूस येडं होतं, मग त्याला अक्षरं दिसतच नाहीत. सगळी बस खिडकीला नाक लावून लोगोंमधलं पांढरं धुंडाळायची. एकदा ड्रायव्हरनंसुद्धा बघायला मान वळवली, तेव्हा मात्र बोंब उठली.

तर अशा ह्या गौतमीनं कवठे येमाईच्या कांदेवाल्यांसाठी लोगो काढला. गावच्या शेतकऱ्यांनी मिळून नवी कंपनी काढली होती, गोणीवर स्वतःचा छाप पाहिजे होता. कारखान्यात ती दुसऱ्यांची चित्रं इकडची तिकडं सरकवायची. हे तिचं पहिलं, स्वतःच्या डोक्यातलं. सभेत मंजूर झालं तर गावचा कांदा ते चित्र घेऊन देशभर हिंडणार. नाही झालं, तर शिरूरच्या गोणीवाल्याकडचं तयार चित्र लागणार, फेटा बांधून हसणारा कांदा. तो मेला प्रत्येक गावाच्या गोणीवर हसतोय. 

सभा कांदाचाळीशेजारच्या शेडात भरली. एका बाजूला अध्यक्ष बापूसाहेब, दुसऱ्या बाजूला उपाध्यक्ष हौसराव, म्हणजे गौतमीचे सख्खे मामा. मागच्या सोसायटीच्या निवडणुकीत बापूसाहेबांच्या पॅनेलची छत्री आणि हौसरावांच्या पॅनेलची कपबशी समोरासमोर लढली, तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचे, आणि ज्याला ऐकवायचं तो शेजारीच बसलेला असायचा.

गौतमीनं कागद भिंतीला चिकटवला. दोन लालबुंद कांदे, एकमेकांना टेकलेले. लोकांच्या माना डोलल्या. आता तिथंच गप्प बसावं की नाही? पण नाही! हात दाखवून अवलक्षण!

"कांदे बघू नका," ती म्हणाली. "दोन कांद्यांच्या मधलं पांढरं बघा. तिथं मी एक गोष्ट लपवलीय. ओळखा बघू!"

झालं. सगळी माणसं उठून भिंतीला भिडली. बापूसाहेबांनी चष्मा पुसला, कांद्यांच्या वरच्या खाचेत बघितलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कपबशी! मामाची भाची ती, दुसरं काय लपवणार?"

"अध्यक्षांना सांगा," हौसराव पत्र्याकडं बघत म्हणाले, "कावीळ झाल्यावर सगळं पिवळंच दिसतं." मग त्यांनीही वाकून बघितलं, खालच्या खाचेत, आणि ताडकन सरळ झाले. "आरं, ही तर छत्री हाय! गौतमे, तू बी फुटलीस व्हय?"

गंमत बघा, दोघांपैकी एकालाही स्वतःची निशाणी दिसेना. दिसली ती फक्त समोरच्याची.

"बापूसाहेब, मामा, यातलं काहीच न्हाई वो!" गौतमी रडकुंडीला आली. "वरची खाच म्हंजी..."

पण तिचं ऐकतंय कोण! मागून कुणीतरी ओरडलं, "तो फेटेवाला कांदाच बरा! त्याच्यात काय बी लपल्यालं न्हाई!" आणि दोन्हीकडच्या माना हलल्या. निवडणुकीनंतर पहिल्यांदा दोन्ही पॅनेलचं एकमत झालं, तेही कशावर, तर त्या हसऱ्या कांद्यावर! गौतमीनं डोळे पुसले आणि कागद काढायला हात घातला.

"थांब," बापूसाहेब म्हणाले. आपलं खरं करून दाखवल्याशिवाय त्यांना घास गेला नसता. त्यांनी दोन्ही तळवे जुळवून पुढं धरले, बोटं जराशी वाकलेली. "हे बघ, पोरी. असाच आकार काढलास ना? मग हा कप न्हाई तर काय?"

"कप असला असतो व्हय?" हौसरावांना राहवलंच नाही. ते थेट बापूसाहेबांशी बोलले, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "बापूसाहेब, प्रचारात घरोघर कप घिऊन हिंडलोय मी, मला सांगताय?" त्यांनीही दोन्ही हात तसेच पुढं धरले. "ह्याला बूड कुठंय? कान कुठंय?"

"मग हाय तरी काय हे?"

"तेच तर मी इचारतोय!"

दोघं समोरासमोर, हात पुढं धरून, एकमेकांवर ओरडत होते. तेवढ्यात अनसाबाई भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन आत आल्या. त्याही कंपनीच्या सभासद. सभेला येताना घरच्या शेंगा आणायच्या. भांडण कशावरून चाललंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि भिंतीकडं त्यांनी बघितलंही नाही. त्यांना दिसले ते हात पसरून उभे असलेले दोन पुढारी.

"अगं बाई! एवढी भूक लागली व्हय? धरा, ओंजळ नीट धरा, सांडाल!" आणि त्यांनी दोघांच्याही हातात भरभरून शेंगा ओतल्या.

"ओंजळ!" गौतमी किंचाळलीच. "बापूसाहेब, मामा, ओंजळच काढलीय मी!"

 सगळ्यांनी ते चार हात बघितले, मग भिंतीवरच्या चित्रातली वरची खाच बघितली.

"व्हय की!" कुणीतरी हळूच म्हणालं. आणि एकदा दिसली ती दिसलीच.

बापूसाहेबांनी भरलेली ओंजळ छातीशी धरली. "ठराव हात वर करून करायचा असतो," ते म्हणाले. "मी हात वर केला तर शेंगा सांडत्यात. हौसराव, तुम्ही करा."

"माझे तरी कुठं मोकळे हायत?"

"मग तोंडानं म्हणा."

"तुम्ही आधी. अध्यक्ष तुम्ही."

शेवटी दोघं एकदमच म्हणाले, "मंजूर!" आणि शेडभर हात वर झाले. गौतमीला हसू आणि रडू एकदमच आलं.