ठिगळाखालची वस्ती

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे आणि माझ्या पोटावर एक ठिगळ आहे. जुन्या वस्तू बोलू लागल्या की आधी आपल्या हालअपेष्टा सांगतात. माझे तसे काही हाल झाले नाहीत. मला फार जपले गेले, आणि त्यातच सगळा घात झाला.

एका मोजणीदाराने दोन हिवाळे पायपीट करून मला काढले. जाड कागद, त्याला मागून सुती कापड. प्रदेश म्हणाल तर मधून नदी, नदीपलीकडे मोठा रस्ता, अलीकडे वाऱ्याने झोडपलेला उघडा माळ. वस्ती इतकी विरळ की एका घरातले भांडण दुसऱ्या घराला ऐकू जात नसे. वरच्या अंगाला, नऊ मैलांवर, पाटीच्या दगडाची खाण होती आणि तिच्याभोवती कामगारांच्या शंभर झोपड्या होत्या. खालच्या अंगाला नदीच्या वळणावर आमची वस्ती होती. घरे मोजून एकोणीस. कधीकाळी मेंढपाळ तिथे पाण्याला थांबले आणि राहूनच गेले. मोजणीदाराने एकोणीस घरांचे एकोणीस ठिपके काढले, एकही गाळला नाही. माझी एक प्रत कचेरीत गेली. दुसरी त्याने शाळेला दिली, कारण तो शाळेच्या पडवीतच मुक्कामाला होता. ती दुसरी प्रत म्हणजे मी.

पुढे खाण बंद पडली. कामगार गेले, झोपड्यांची छपरे वाऱ्याने नेली. माझ्यावरच्या शंभर झोपड्या मात्र जागच्या जागी राहिल्या. नकाशाला आपल्या हाताने काही खोडता येत नाही.

शाळा एका खोलीची आणि शिकवायला एकच बाई. बाईंनी एक रीत पाडली होती. नवे मूल शाळेत आले की त्याला स्टुलावर उभे करायचे, त्याचे बोट वस्तीच्या ठिपक्यांवर टेकवायचे आणि त्याने मोठ्याने म्हणायचे, "मी इथला." किंवा, "मी इथली." मग सगळी शाळा टाळ्या वाजवी. काही बोटे चिकट, काही शेंबडी. मला त्याचे काही वाटत नसे. शहरात गेलेली माणसेसुद्धा परत आली की आधी शाळेत डोकावत आणि बोट टेकवून जात.

तीस वर्षे बोटे टेकली. आधी ठिपके पुसले गेले, मग कागद झिजला, मग मागचे कापडही विरले. जिथे सगळ्यांचा जीव होता तिथेच मला भोक पडले.

बाईंना ते बघवेना. त्यांनी स्वतःच्या चादरीचा पांढराशुभ्र तुकडा कापला, खळ शिजवली आणि वरून असे चौकोनी ठिगळ चिकटवले की सुरकुती शोधून सापडू नये. शाईची दौत टेबलावर होती. त्या म्हणाल्या, "इथे काय आहे ते आता कुणाला सांगायला हवं?" आणि दौतीला झाकण लावले.

त्या वर्षीच्या पुरात नदी ओलांडायची एकुलती एक नाव अकरा दिवस बंद होती. नावाड्याची बायको तापाने फणफणली. डॉक्टर पलीकडच्या काठावर, ती अलीकडे. चौथ्या दिवशी ती गेली. मग कुठे कचेरीला जाग आली आणि पूल बांधायचे ठरले. पण कचेरीचे छप्पर गळून माझा जुळा भाऊ लगदा झाला होता. म्हणून एक आरेखक, म्हणजे नकाशे नकलून काढणारा माणूस, शाळेत आला. नावाड्यानेच त्याला नदी पार करून आणले. वस्तीतल्या तिसऱ्या घरात तो जेवला, पाचव्या घरात पाणी प्यायला.

"साहेब, आमची वस्ती नीट घ्या हं," नावाडी म्हणाला.

"यात जे आहे ते सगळं येईल. मनाचं काही घालायचं नाही, असा आमचा नियम आहे," आरेखक म्हणाला. मग बाईंकडे वळून म्हणाला, "ठिगळ मात्र सुरेख लावलंय तुम्ही."

बाई चक्क लाजल्या. त्यांना तिथे ठिगळ दिसतच नव्हते, वस्ती दिसत होती. मला सगळे कळत होते. पण मला तोंड दिलेले नाही.

पूल बांधला गेला तो वर, बंद खाणीपाशी. कागदावर शंभर झोपड्या तिथेच होत्या ना! बाई मला गुंडाळून, काखोटीला मारून कचेरीत गेल्या. कारकुनाने नवा नकाशा टेबलावर पसरला. आमच्याकडे येणारी पायवाट एका पांढऱ्या चौकोनाच्या कडेशी येऊन थांबली होती.

"इथे आहे आमची वस्ती!" बाईंनी बोट टेकवले.

कारकुनाने मला त्या नकाशाशेजारी उलगडले. एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे. "दोन्ही सारखेच आहेत, बाई. तक्रार काय आहे तुमची?"

बाई आपल्याच ठिगळाकडे बघत राहिल्या. साक्षीला म्हणून मला नेले आणि मी आमच्याच माणसांच्या विरुद्ध साक्ष दिली.

परत आल्यावर बाईंनी नावाड्याला सगळे सांगितले. तो एवढेच म्हणाला, "तुमचं काय चुकलं, बाई? तुम्ही तर जपलंतच." तो असे म्हणाला नसता तर बरे झाले असते. त्या दिवशी बाईंनी दौत उघडली आणि ठिगळावर एकोणीस ठिपके काढले. एकही गाळला नाही.

पुढच्या पुराआधी नावाडी आपल्या मुलीला घेऊन निघून गेला. नाव थांबली आणि मागोमाग एकेक घर उठले. शाळेला कुलूप लागले. मी अजून भिंतीवरच आहे.

मित्रांनो, जपा म्हणून तुम्हाला सगळेच सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. ठिगळ लावाल तेव्हा त्याखाली काय गेले ते लगेच वर लिहा. आपल्याला ठाऊक आहे म्हणून दौतीला झाकण लावू नका. बाईंनी काढलेले एकोणीस ठिपके अजून काल काढल्यासारखे काळेभोर आहेत. त्यांच्यावर एकही बोट टेकलेले नाही.