मिरेयाची रॅकेट विणणारा माग

मी एक जुना माग आहे. पण मित्रांनो, माझ्यावर कधी लुगडे विणले गेले नाही की धोतर. माझ्यावर टेनिसच्या रॅकेटची जाळी विणतात. एक जड बैठक, रॅकेटला घट्ट धरून ठेवणारे पंजे, एक लांब दांडा आणि त्या दांड्यावर सरकणारे लोखंडी वजन, एवढाच माझा संसार. वजन टोकाकडे सरकवले की तार कडक ओढली जाते, आत घेतले की सैल. याहून जास्त विद्या माझ्याजवळ नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला, पण मी माणसांत आलो तो स्पेनमधल्या एल्चे गावात. या गावात अर्धी माणसे बूट करतात आणि उरलेली अर्धी ते दुरुस्त करतात. हिनेस हा दुरुस्त करणाऱ्यांपैकी. त्याची मुलगी मिरेया इतकी जोरात खेळायची की रॅकेटच्या तारा सारख्या तुटायच्या, आणि क्लबातला माणूस जाळी विणून द्यायला फार दिवस लावायचा. मग हिनेसने मला आणले आणि बुटांच्या साच्यांशेजारी ठेवले.

पहिली जाळी त्याने विणली तेव्हा त्याची बायको लोलेस कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अरे, हे रॅकेट आहे की सार्डिन पकडायचं जाळं?" ती म्हणाली. "दोन तारा वरून गेल्यात आणि तीन खालून."

"तू तुझा भात बघ," हिनेस पुटपुटला. पण त्याने सगळ्या तारा उसवल्या आणि पुन्हा विणायला घेतल्या.

चामड्यातून आरी फिरवणारी बोटे होती ती. हळूहळू त्यांना तारेची भाषा कळली. मग मात्र हिनेसच्या हातची जाळी म्हणजे क्लबात बोलायचा विषय झाला. माझेही कौतुक झाले. खोटे कशाला बोलू, मी फुगलो.

मिरेया मोठी होऊ लागली तशी ती चोखंदळ झाली. हिनेस एकेक रॅकेट वेगवेगळी ताणून द्यायचा आणि ती तळहातावर थोपटून, कानाशी धरून म्हणायची, "नाही. नाही. अजून." एके दिवशी तिने एक रॅकेट थोपटली आणि ती हसलीच.

"हीच, पापा. ह्याच्या पुढे नको नि मागे नको."

हिनेसने लोलेसची नखे रंगवायची लाल बाटली शोधून काढली आणि वजन जिथे होते तिथे माझ्या दांड्यावर एक रेघ ओढली.

"माझी बाटली!" लोलेस ओरडली. "रविवारी भाचीच्या लग्नाला मी नखांना काय लावू, बुटाचं पॉलिश?"

त्या रेघेवर मिरेयाची पुढची सारी वर्षे उभी राहिली. आम्ही तिघे एका जुन्या गाडीतून गावोगावच्या स्पर्धांना जायचो. मागच्या सीटवर मला पट्ट्याने बांधलेले असे. मिरेया पाव-टोमॅटो खात असे आणि हिनेस गाडी चालवता चालवता तिला तिच्या चुका सांगत असे. "पापा, तू बूट शिव," ती म्हणायची, आणि दोघे हसायचे. ती हरायची, जिंकायची, पुन्हा हरायची. मग हळूहळू जास्त जिंकायला लागली.

एका वसंतात ती पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत, तिथल्या लाल मातीवर खेळली. शेजारच्या बारवाल्याने टीव्ही रस्त्यावर आणून ठेवला होता. मिरेया एकामागून एक दोन सामने जिंकली, तेव्हा सारी गल्ली नाचली. मी त्या वेळी दुकानात, एका फडक्याखाली होतो. मोठ्या स्पर्धांमध्ये विजेवर चालणारी चकचकीत यंत्रे असतात. ती पिकपिक आवाज करतात आणि त्यांना गाडीत बांधून न्यावे लागत नाही. माझा जळफळाट झाला, मित्रांनो. माझ्यावर धूळ साचली, पंजे आखडले, आणि लोलेसने एकदा माझ्या दांड्यावर ओला टॉवेलसुद्धा वाळत घातला. तरी मिरेयाचा फोन आला की मी कान टवकारायचो, कारण ती कधीकधी म्हणायची, "इथली जाळी मुकी आहे रे पापा. तुझी बोलते."

मग तिचे कोपर दुखायला लागले. आधी खेळताना, मग चमचा उचलताना. शस्त्रक्रिया झाली, दुसरीही झाली, आणि मोठ्या स्पर्धांची दारे बंद झाली. ती पुन्हा गावोगावच्या स्पर्धांकडे वळली. हिनेसने माझे फडके काढले, मला तेल दिले आणि गाडीत बांधले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

डॉक्टरांनी सांगितले होते की कडक जाळीचा हिसका थेट कोपरात जातो. हिनेसने तिची परोपरीने विनवणी केली.

"थोडी सैल करू या का, पोरी? थोडीशीच."

"नाही. सैल जाळीतून चेंडू सुटतो, माझं ऐकत नाही. रेघेवर ठेव."

"पण हात..."

"पापा, रेघेवर."

हिनेसने वाद सोडला. पण दर आठवड्याला जाळी विणताना तो वजन केसभर आत घेऊ लागला. आज इतके की माशीलाही कळू नये, पुढच्या वेळी आणखी तितकेच. जाळीचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि मिरेयाचा कान त्याला सरावत गेला. तिचे कोपर कमी दुखू लागले. "औषध लागू पडतंय बहुतेक," ती म्हणायची. हिनेस त्या वेळी खाली वाकून गाडीचे चाक तपासायचा. बापाची माया मला दिसत होती, आणि लाल रेघ वजनापासून दूर जातानाही दिसत होती.

त्या उन्हाळ्यात एल्चेच्याच क्लबात एक स्पर्धा झाली. अंतिम सामना जिंकला तर मिरेयाला पुन्हा वरच्या स्पर्धेत जागा मिळणार होती. "हरले तर बास," तिने घरी सांगून टाकले होते. समोर एक उंच झेक मुलगी होती. तारा तुटल्या तर हाताशी असावे म्हणून हिनेसने मला कुंपणाबाहेर खजुराच्या सावलीत मांडले होते, त्यामुळे सामना मी डोळ्यांनी पाहिला.

मातीच्या मैदानावर चेंडू आपला ठसा सोडतो. वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून येतात आणि ठशाजवळ बोट धरतात. खेळाडूने आपल्या बुटाने तो ठसा पुसला, म्हणजे निकाल तिला मान्य. त्या दुपारी पंच पुन्हा पुन्हा उतरले. मिरेयाचे चेंडू रेषेच्या बाहेर पडत होते, कधी बोटभर, कधी त्याहून कमी. शेवटच्या ठशाकडे ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने बूट फिरवला आणि नेटपाशी जाऊन झेक मुलीशी हात मिळवला.

लोक जेवायला गेले. मिरेया आमच्या सावलीत येऊन बसली.

"माझा हात आंधळा झाला, पापा," ती म्हणाली. "पूर्वी मी मनात जागा धरायची आणि चेंडू तिथं जायचा. आता जातच नाही. लहानपणापासून एवढंच तर येत होतं मला. संपलं."

मित्रांनो, हिनेसला हवे होते ते सारे आता आपोआप होत होते. मुलगी थांबत होती, हात वाचत होता. त्याने फक्त गप्प बसायचे होते. लोलेसने तर देवळात मेणबत्त्या लावल्या होत्या यासाठी. हिनेसचा हात माझ्या दांड्यावर होता. माझा जीव टांगणीला लागला.

"तुझा हात आंधळा नाही," तो शेवटी म्हणाला. "जाळी सैल होती."

"काय?"

"मी केली. एप्रिलपासून. थोडी थोडी. तू चमचा धरताना डोळे मिटायचीस गं... मला बघवत नव्हतं."

मिरेया उठली. तिने वाकून माझा दांडा पाहिला, रेघ पाहिली, वजन पाहिले.

"मी रात्र रात्र रडले," ती म्हणाली. "मला वाटलं माझं कसब गेलं. आणि तू शेजारच्या खोलीत होतास!"

"हो."

"हात तुझा आहे का?"

"नाही."

"मग विचारायचं होतंस, पापा."

"विचारलं होतं. तू नाही म्हणालीस."

"मग नाहीच!"

तिने वजन रेघेवर सरकवले, रॅकेट पंज्यांत अडकवली आणि तारा स्वतः ओढायला घेतल्या. तिला धड येत नव्हते. तारा वरखाली चुकत होत्या. हिनेसची बोटे शिवशिवत होती, पण त्याने ती मांडीखाली दाबून धरली. "आरी दे," ती म्हणाली, तेव्हा त्याने आरी दिली. तेवढेच.

पुढच्या आठवड्यात ती शेजारच्या गावी एक छोटी स्पर्धा खेळली. गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. पहिला सामना ती जिंकली. दुसऱ्यात समोरची मुलगी सरस निघाली, पण मिरेयाचे चेंडू रेषेवरची माती उडवत होते. सामना संपला तेव्हा तिला कोपर वाकवता येत नव्हते. ती कुंपणापाशी आली.

"पापा, मी थांबते आता," ती म्हणाली. "हात दुखतोय खूप. पण त्याला दिसतंय सगळं."

हिनेस ओक्साबोक्शी रडला. तिने त्याला जवळ घेतले ते एकाच हाताने, कारण दुसरा उचलत नव्हता.

आता मिरेया क्लबात मुलांना शिकवते आणि मी बुटांच्या साच्यांशेजारी असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेल द्या, आमच्यावर ओले टॉवेल टाकू नका. आणि आपल्या माणसांची काळजी घ्या, जरूर घ्या. फक्त ती त्यांच्या नकळत घेऊ नका. त्यांचे दुखणे त्यांचेच असते, त्याचे काय करायचे तेही त्यांनाच ठरवू द्या. हे हिनेसला शिकायला फार जड गेले. पण तो शिकला.

काल दुपारी दोघे मी असतो त्याच टेबलावर जेवत होते. मिरेया ऑलिव्हची बरणी उघडायला गेली. झाकण घट्ट होते आणि तिचे कोपर लटपटू लागले. हिनेसचा हात झटकन पुढे गेला, आणि वाटेतच थांबला.

"उघडू का?" त्याने विचारले.

"थांब जरा," ती म्हणाली.

तो थांबला. तिने आणखी एकदा जोर लावला, ओठ चावला, श्वास सोडला. मग बरणी त्याच्याकडे सरकवली.

"हं. आता उघड."